बाळंतपणापूर्वी वारेची विचारपूस



घरोघरी बाळंतपणे होत असत त्या काळची एक रीत तुमच्यापैकी वडीलधाऱ्या मंडळींना आठवत असेल. बाळ जन्मले, रडले, नाळ कापून झाली, तरी सुईणबाई जागची उठत नसे. ती वार पडण्याची वाट पाहत बसे. वार पडली म्हणजे ती हातात घेऊन, कंदिलाच्या उजेडात उलटून पालटून पाही. पुरी पडली आहे ना? एखादा तुकडा तुटून आत तर राहिला नाही ना? तिची खात्री पटली की मग ती वार घराजवळच मातीत पुरली जाई. गाईम्हशीच्या बाबतीत तर शेतकरी आजही जार पडेपर्यंत गोठ्यातून हलत नाही.

ही रीत शहाणपणाची होती. वारेचा तुकडा आत राहिला तर बाईचा रक्तस्राव थांबत नाही, हे सुईणीला अनुभवाने ठाऊक होते. पण या रीतीत एक उणीव होती, आणि ती काही सुईणीची नव्हे. वारेची चौकशी व्हायची ती वारेचे काम संपल्यावर. नऊ महिने जिने बाळाला पोसले ती निरोगी होती की दुबळी, हे कळायचे तेव्हा बाळाचे जे व्हायचे ते होऊन गेलेले असायचे.

आज हीच विचारपूस कळा येण्यापूर्वी, वार आत काम करीत असतानाच करता येते. सोनोग्राफी या नावाने जे यंत्र आपण सारे ओळखतो, त्याच्या साहाय्याने ती करतात. ती कशी करतात, तिच्यातून काय कळते, काय कळत नाही, आणि त्यासाठी आपण घरी व गावात काय करायला हवे, एवढेच मी आज सांगणार आहे.

प्रथम वार म्हणजे काय ते पाहू. पूर्ण दिवस भरलेल्या बाळाची वार भाकरीएवढी रुंद, दोन-अडीच सेंटिमीटर जाड आणि सुमारे अर्धा किलो वजनाची असते. तिचे एक अंग गर्भाशयाला चिकटलेले असते, दुसऱ्या अंगातून नाळ निघते. नाळेत तीन रक्तवाहिन्या असतात. दोन धमन्यांतून बाळाचे रक्त वारेकडे जाते आणि एका शिरेतून ते अन्न व प्राणवायू घेऊन परत येते.

पुष्कळांची अशी समजूत असते की आईचेच रक्त बाळाच्या अंगात खेळते. तसे नाही, बरं का. आईचे रक्त आणि बाळाचे रक्त यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो. वारेत झाडाच्या मुळ्यांसारखे असंख्य बारीक फाटे असतात आणि ते आईच्या रक्तात बुडालेले असतात. मुळी जमिनीतून ओल घेते, माती घेत नाही. तसे हे फाटे आईच्या रक्तातून हवे ते घेतात आणि नको ते परत टाकतात. या फाट्यांचा पसारा उलगडून मांडला तर दहा-बारा चौरस मीटर, म्हणजे एका लहान खोलीची जमीन झाकेल एवढा भरतो. बाळाचे फुप्फुस, आतडे आणि मूत्रपिंड या तिघांचे काम ही एकटी वार नऊ महिने करते.

आता कळा सुरू झाल्यावर काय होते पाहा. कळ आली की गर्भाशय आवळते. वारेकडे आईचे रक्त नेणाऱ्या वाहिन्या गर्भाशयाच्या स्नायूंतूनच जातात, तेव्हा त्याही दाबल्या जातात आणि तेवढा वेळ वारेला रक्त कमी मिळते. विहिरीत बुडी मारणारा मुलगा जसा दम धरून राहतो, तसे बाळ त्या कळेपुरता दम धरते. कळ ओसरली की पुन्हा रक्त येते. निरोगी वारेजवळ चार घटकांची शिल्लक असते, म्हणून अशा कितीतरी कळा बाळ सहज सोसते. पण वार दुबळी असेल तर तिचा रोजचाच खर्च कसाबसा भागत असतो. तिच्याजवळ शिल्लक कोठून असणार? कळांचा जोर वाढला की अशा बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावू लागतात, आणि मग धावाधाव होते. ही शिल्लक कळांच्या आधीच मोजता आली तर धावाधावीची वेळ येणार नाही. आजच्या विषयाचे सारे मर्म एवढेच आहे.

मी तालुक्याच्या ठिकाणी बाळंतपणाचे काम करीत आले आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगते. एक तरुण बाई पहिलटकरीण होती. नववा महिना लागला तरी पोट लहान दिसे. घरची माणसे खुशीत होती. सासूबाई म्हणाल्या, ‘पोट लहान आहे, बरंच झालं. सुटका लवकर होईल.’ शेवटच्या दोन दिवसांत बाळ फारसे हलेना. कोणी म्हणाले, दिवस भरले की बाळ शांतच होतं. तिसऱ्या दिवशी कळा सुरू झाल्या आणि ती आमच्याकडे आली. मी पोटाला कान लावला. ठोके नव्हते.

नंतर वार पाहिली तेव्हा ती तळहाताहून थोडी मोठी, जागोजाग पांढुरकी आणि टणक होती. सुईणबाई कंदिलाच्या उजेडात पाही, तशीच मी विजेच्या दिव्याखाली पाहत उभी होते, आणि तितक्याच उशिरा. त्या बाईचे तपासणीचे कार्ड मी मागाहून चाळले. पोटाची उंची टेपने मोजून लिहिण्याचा रकाना तीन भेटींत कोरा होता. त्यांतली एक भेट माझ्याच हातची होती. ही गोष्ट मी विसरलेले नाही, आणि विसरू नये म्हणून तुम्हांला सांगितली. तिचा पुढला भाग शेवटी सांगेन.

आता यंत्राकडे वळू. शिक्षक मित्रांना वर्गात सांगायला हे उपयोगी पडेल. वटवाघूळ अंधारात उडताना आपल्याला ऐकू न येणारा आवाज काढते आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून भिंत कोठे, किडा कोठे ते ओळखते. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. सोनोग्राफीच्या यंत्रातला आवाज सेकंदाला काही दशलक्ष कंपनांचा असतो. तो पोटातून आत जातो, निरनिराळ्या थरांवर आपटून परत येतो आणि त्या प्रतिध्वनींचे चित्र पडद्यावर उमटते. हवेतून हा आवाज नीट आत शिरत नाही, म्हणूनच पोटावर थंडगार चिकट जेली लावतात. यात क्ष-किरण नसतात, हे ध्यानात ठेवा.

हे तंत्र कारखान्यातून दवाखान्यात आले. लोखंडी भांड्यांत व बॉयलरात चीर आहे काय हे पाहण्यासाठी असे यंत्र वापरीत. स्कॉटलंडमधील ग्लासगोचे डॉ. इयन डोनाल्ड यांना युद्धकाळात विमानदलातील नोकरीमुळे रडारची माहिती होती. १९५५ साली ते शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून एका बॉयलरच्या कारखान्यात गेले आणि तेथील यंत्राने त्या तपासून पाहिल्या. पुढे अभियंता टॉम ब्राउन आणि डॉ. जॉन मॅक्व्हिकर यांच्यासह त्यांनी १९५८ साली आपले काम प्रसिद्ध केले. लोखंडातली चीर शोधणारे यंत्र अशा रीतीने आईच्या पोटाजवळ आले.

या यंत्राने वारेविषयी मुख्यतः तीन गोष्टी पाहतात: तिची जागा, तिचे रूप आणि तिचे काम.

जागेचे महत्त्व असे. वार साधारणपणे गर्भाशयाच्या वरच्या भागात असते. ती पुढच्या भिंतीला आहे की मागच्या, याने काही बिघडत नाही. पण ती खाली, गर्भाशयाच्या तोंडावर आली असेल तर बाळाची वाटच अडते आणि कळांबरोबर भयंकर रक्तस्राव होऊ शकतो. पाचव्या महिन्याच्या तपासणीत ‘वार खाली आहे’ असे सांगितले तर घाबरून जाऊ नका. गर्भाशय वाढते तशी ती वर सरकलेली दिसते. दहांपैकी सुमारे नऊ बायकांच्या बाबतीत असेच होते. मात्र ३२ आठवड्यांच्या सुमारास पुन्हा पाहून घेणे चुकवू नका, आणि तेव्हाही ती खालीच असेल तर ३६ आठवड्यांच्या सुमारास आणखी एकदा पाहावे लागते. आधी सिझेरियन झालेले असेल आणि वार त्या जुन्या व्रणावर बसलेली असेल तर ती आत रुतलेली असण्याची भीती असते. अशा बाईचे बाळंतपण रक्ताची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयातच व्हायला हवे, आणि ते आधीच ठरवायला हवे.

आता रूप. सोनोग्राफीचा कागद हातात आला की घरात कोणीतरी शिकलेला माणूस तो वाचू लागतो आणि ‘प्लासेंटा ग्रेड थ्री’ या शब्दांशी अडखळतो. लगेच घरभर काळजी पसरते. ही श्रेणी १९७९ साली अमेरिकेतील डॉ. ग्रॅनम व त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरवली. वारेत जसजसे चुन्याचे कण साठत जातात तसतशी तिला शून्यापासून तीनपर्यंत श्रेणी देतात. दिवस भरत आले असता तिसरी श्रेणी दिसणे नवलाचे नाही. पिकत आलेल्या पानाचा रंग बदलतो तसेच ते. हीच श्रेणी बत्तीस आठवड्यांच्या आत दिसली तर मात्र डॉक्टर बाळाची वाढ आणि रक्ताचा प्रवाह अधिक लक्ष देऊन पाहतात. सांगायचं ते इतकंच की नुसत्या रूपावरून वारेची परीक्षा होत नाही. माणसाची पारख जशी कामावरून, तशीच वारेचीही.

तर मग काम कसे पाहायचे? येथे डॉप्लर नावाची तपासणी मदतीला येते. एस. टी. हॉर्न वाजवीत आपल्याकडे येते तेव्हा तिचा आवाज चढा लागतो, आणि पुढे निघून गेली की एकदम उतरतो. हे तुम्ही फाट्यावर उभे राहून अनेकदा ऐकले असेल. ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ ख्रिस्तियन डॉप्लर यांनी १८४२ साली या गोष्टीमागचा नियम मांडला. तीन वर्षांनी हॉलंडमध्ये आगगाडीवर तुताऱ्या वाजवणारे लोक बसवून तो नियम आवाजाच्या बाबतीत पडताळून पाहण्यात आला. धावत्या रक्तावरून परत येणारा आवाजही असाच चढतो-उतरतो, आणि त्यावरून रक्त किती वेगाने व कोणत्या दिशेला जाते ते कळते. नाळेतल्या रक्ताचा प्रवाह या रीतीने आयर्लंडमधील डब्लिन येथे १९७७ साली मोजण्यात आला.

आता तो प्रवाह काय सांगतो? ज्यांनी मोट पाहिली आहे त्यांना हे लगेच उमजेल. मोट वर येते, थारोळ्यात पाणी ओतते आणि पुन्हा विहिरीत जाते. म्हणजे पाणी येते ते खेपांनी. पण पुढे पाटातले पाणी दोन मोटांच्या मध्येही वाहतच असते, कारण खालचे वाफे ते पाणी पीत असतात. आता समजा, वाफ्यांची तोंडे गाळाने तुंबली. मग मोट ओतली तेवढ्यापुरते पाणी पुढे सरकेल आणि पुढची मोट येईपर्यंत पाट थबकेल. फारच तुंबले तर पाणी उलट मागे फिरेल.

बाळाचे हृदय म्हणजे ही मोट, नाळेतल्या धमन्या म्हणजे पाट आणि वारेतले बारीक फाटे म्हणजे वाफे. निरोगी वारेकडे जाणारे रक्त दोन ठोक्यांच्या मध्येही पुढे वाहत राहते. वार बिघडू लागली की मधला प्रवाह क्षीण होतो. बिघाड वाढला की तो थांबतो, आणि शेवटी उलटा वळतो. प्रवाह थांबणे ही गंभीर सूचना आहे आणि उलटा वळणे ही त्याहून गंभीर. अशा वेळी बाळाला आत ठेवण्यात धोका अधिक की लवकर बाहेर काढण्यात, याचा हिशेब डॉक्टरांना आठवड्यांवर आणि कधीकधी दिवसांवर करावा लागतो. बाळ वेळेआधी येणार असेल तर त्याची फुप्फुसे लवकर तयार व्हावीत म्हणून आईला इंजेक्शने देतात.

याबरोबरच यंत्रावर आणखी काही पाहतात. बाळाचे डोके, पोट आणि मांडीचे हाड मोजून त्याची वाढ ठरवतात. गर्भजल पुरेसे आहे काय ते पाहतात. बाळ हातपाय हलवते काय, छाती हलवते काय याची नोंद घेतात. बाळाच्या मेंदूकडे जाणाऱ्या धमनीतला प्रवाहही मोजतात. दुष्काळात घरचा कर्ता जसा आधी पोराबाळांच्या ताटात वाढतो, तसे उपाशी बाळाचे शरीर आपले रक्त आधी मेंदूकडे वळवते. ही काटकसर पडद्यावर दिसली तर ओळखावे की वारेकडून पुरवठा कमी पडतो आहे.

या तपासणीचा उपयोग खरोखर होतो काय, असा प्रश्न चिकित्सक श्रोत्याच्या मनात येईल, आणि तो यावाच. जोखमीच्या गरोदरपणांत नाळेची डॉप्लर तपासणी केल्याने काय फरक पडला, हे अनेक चाचण्या एकत्र करून पाहिले गेले आहे. तपासणीवाचून दर हजारी सुमारे १७ बाळे दगावली, तर तपासणी केलेल्या गटात सुमारे १२. म्हणजे हजारी पाच घरचे पाळणे रिकामे राहायचे टळले. पण ज्यांना काहीच जोखीम नाही अशा सरसकट सर्व बायकांची ही तपासणी करून असा फायदा आढळला नाही. तेव्हा ‘पैसे लागले तर लागू द्या, दर महिन्याला सोनोग्राफी करा’ असा आग्रह धरण्यात अर्थ नाही. योग्य बाई योग्य वेळी यंत्रापर्यंत पोहोचणे, हे खरे काम आहे.

या यंत्राला मर्यादाही आहेत, आणि त्या ठाऊक नसतील तर घात होतो. पहिली मर्यादा अशी, की दिवस भरत आल्यावर दुबळी होत चाललेली वार नाळेच्या तपासणीत चांगली दिसू शकते. म्हणून गेल्या आठवड्याचा कागद चांगला आहे या भरवशावर आज कमी झालेली हालचाल अंगावर काढू नये. बाळ नेहमीपेक्षा कमी हलते आहे असे आईला वाटले तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे, मग रात्र असो की सण असो. दुसरी मर्यादा अशी, की वार वेळेआधी सुटू लागली तर ते पुष्कळदा यंत्राला दिसत नाही. पोट दगडासारखे कडक होऊन दुखते आहे, अंगावरून रक्त जाते आहे, तर ‘सोनोग्राफीत काही नाही’ म्हणून घरी बसू नका. आणि न दुखता रक्त गेले तर वार खाली असण्याचा संभव असतो. तेव्हाही थेट रुग्णालय गाठावे; वार कोठे आहे हे यंत्रावर पाहून होईपर्यंत आतून तपासणी करू नये.

जोखमीची बाई कोणती, हे ओळखायला मात्र यंत्र लागत नाही. जिचा रक्तदाब वाढला आहे, जिला मधुमेह आहे, जिला जुळे आहे, जिचे आधीचे बाळ फार लहान होते किंवा पोटातच गेले होते, आणि जिचे पोट दिवसांच्या मानाने वाढत नाही, ती जोखमीची. चोवीस आठवड्यांनंतर पोटाची उंची सेंटिमीटरमध्ये मोजली तर ती साधारणपणे आठवड्यांच्या आकड्याएवढी भरते. तीस आठवड्यांना तीसच्या आसपास. साधी कापडी टेप पुरते! ही मोजणी दर खेपेस झाली पाहिजे आणि कार्डावर लिहिली गेली पाहिजे. ‘नर्सबाई, तेवढा रकाना भरा,’ असे म्हणायला संकोचू नका.

पण आठवडेच ठाऊक नसतील तर कशाशी ताडायचे? शेवटची पाळी कधी आली, असे विचारले की अजूनही उत्तर येते, ‘पोळ्याच्या आधी’, ‘नवरात्राच्या सुमारास’. लग्न झालेल्या प्रत्येक मुलीने पाळीची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर खूण करून ठेवावी. पहिली सोनोग्राफी लवकर करण्याचे महत्त्वही यासाठीच. २४ आठवड्यांच्या आत एकदा तरी ती व्हावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली सांगितले आहे. तेव्हा दिवस पक्के ठरले तरच पुढे बाळ लहान आहे की दिवसच कमी आहेत, हे सांगता येते.

लवकर येण्याचा दुसराही लाभ आहे. वारेचा पाया पहिल्या चार-पाच महिन्यांत घातला जातो. गर्भाशयातल्या पीळदार, अरुंद रक्तवाहिन्या त्या काळात रुंद व्हायच्या असतात. त्या अरुंदच राहिल्या तर पुढे रक्तदाब वाढण्याची व बाळ खुरटण्याची भीती असते. अशी भीती असलेल्या बायकांना तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून अॅस्पिरिनची लहान मात्रा देण्याचा प्रयोग परदेशांत झाला. त्याचा निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला. लवकर बाळंतपण करावे लागेल असा रक्तदाबाचा विकार हजारी ४३ वरून हजारी १६ वर आला. मात्र हे औषध आपल्या मनाने घ्यायचे नाही, डॉक्टर सांगतील तरच. आणि जे आपल्या मनाने करायचे ते एक सांगते: मिश्री व तंबाखू सोडा. मुंबईतल्या १२१७ बायकांच्या पाहणीत, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, तंबाखू लावणाऱ्या-खाणाऱ्या आयांची बाळे सरासरीने सुमारे १०५ ग्रॅम कमी भरली.

खर्चाची चिंता अनेकांना वाटते. २०११ सालापासून सरकारी रुग्णालयात गरोदर बाईच्या आवश्यक तपासण्या, सोनोग्राफी धरून, विनामूल्य करण्याची योजना आहे, आणि २०१६ सालापासून दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून खास तपासणी होते. आशाताईंना विचारा, त्या सोबत येतील.

या यंत्राचा एक काळा वापरही आपल्याकडे झाला, तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मुलगी आहे असे कळताच गर्भ पाडण्यासाठी याच पडद्याचा उपयोग करण्यात आला. त्याविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. केंद्राचा कायदा १९९४ साली झाला. मुलगा की मुलगी हे सांगणे गुन्हा आहे आणि ते काढून घेण्याचा प्रयत्न करणेही गुन्हा आहे. वार कोणत्या बाजूला आहे यावरून मुलगा-मुलगी ओळखण्याची गोष्ट तर निव्वळ भाकड. डॉक्टरांना एकच विचारा: बाळाची वाढ कशी आहे, आणि वार कशी आहे?

शेवटी एक गोष्ट विशेष करून शिक्षक बंधुभगिनींसाठी. १९९०च्या दशकात पुण्याजवळच्या सहा खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर स्त्रियांचा मोठा अभ्यास केला. चौथ्या महिन्याच्या सुमारास, १५ ते १८ आठवड्यांच्या दरम्यान, सोनोग्राफीने वारेचे आकारमान मोजले. त्या बायकांचे गरोदरपणापूर्वीचे वजन सरासरीने सुमारे ४२ किलो होते आणि त्यांची बाळे सुमारे २ किलो ६५० ग्रॅमची झाली. ज्यांची वार त्या वेळी लहान, त्यांचे बाळही जन्मतः लहान. आणि वारेचा आकार कशाशी जुळला? गरोदरपणात वाढलेल्या वजनाशी नव्हे, तर दिवस राहण्यापूर्वी त्या बाईचे जे वजन होते त्याच्याशी.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. डोहाळजेवणाचे ताट कितीही भरले तरी वारेचा पाया त्याच्या आधीच घातला गेलेला असतो. तो घातला जातो ती मुलगी तुमच्या वर्गात बसलेली असताना. भावाच्या ताटात दूध आणि तिच्या ताटात ताक, तिने शेवटी जेवायचे आणि उरले तर भाजी, ही घरची विभागणी पुढे दहा वर्षांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर दिसते. त्याच अभ्यासात ज्या गरोदर बायकांच्या खाण्यात हिरवी पालेभाजी, फळे आणि दूध अधिक वेळा होते त्यांची बाळे बाळसेदार आढळली. गुरुजी, बाई, पालकांच्या सभेत गुणपत्रिकेबरोबर मुलीचे वजनही एकदा वाचून दाखवा.

आता त्या बाईची राहिलेली गोष्ट. दोन वर्षांनी ती पुन्हा आली, या वेळी तिसऱ्याच महिन्यात. तारीख कागदावर लिहून आणली होती. सासूबाई बरोबर होत्या. रक्तदाबाची नोंद, औषध, टेप, सारे वेळच्या वेळी झाले. बत्तिसाव्या आठवड्यात पोट मागे पडल्याचे टेपनेच सांगितले. डॉप्लर पाहिले, पाट क्षीण झाला होता, पण थांबला नव्हता. मग दर आठवड्याला दोनदा तपासणी. सासूबाई रोज जेवणानंतर सुनेला डाव्या कुशीवर निजवून विचारीत, ‘हललं का गं?’ सदतिसाव्या आठवड्यात, नैसर्गिक कळांची वाट न पाहता, आम्ही तिला मोठ्या रुग्णालयात नेले. औषधाने कळा आणल्या तेव्हा पहिल्या काही कळांतच बाळाचे ठोके खाली येऊ लागले. पण या वेळी सर्व जण तयार होते. शस्त्रक्रियेने बाळ बाहेर आले. मुलगी. वजन एक किलो नऊशे ग्रॅम, आणि आवाज खणखणीत.

वार मी याही खेपेस हातात घेऊन पाहिली. लहान होती, पांढुरकी होती. पण तिची विचारपूस या वेळी आधी झाली होती.

ती मुलगी आता शाळेत जाते. तुमच्या गावातही एखादी बाई आज चार महिन्यांची गरोदर असेल. उद्या सकाळी तिला एवढेच विचारा, ‘ताई, तारीख लिहून ठेवली आहेस ना?’